बुडबुड्यांचा जमाखर्च

सोड्याची बाटली बंद असते तेव्हा तिच्यात एकही बुडबुडा दिसत नाही. झाकण पिरगाळलं की मात्र रांगाच्या रांगा वर यायला लागतात. मग आधी ते होते कुठे? एवढं नीट कळलं की घरी फळांचं फसफसतं पेय करण्यातलं निम्मं कोडं सुटतं. उरलेलं निम्मं साखरेचं आहे, आणि ते जास्त खट्याळ आहे.

बाटलीतला वायू म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो पाण्यात विरघळतो, पण आपखुशीने नाही. त्याला दाबून बसवावं लागतं. वरून वायूचा दाब जितका जास्त तितका तो पाण्यात जास्त शिरतो. विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ साली हा नियम मांडला आणि आजही सगळी शीतपेयं त्याच्याच जोरावर चालतात. झाकण उघडलं की वरचा दाब जातो, पाण्यात कोंबलेला वायू जास्तीचा ठरतो आणि बाहेरची वाट धरतो.

दुसरी गोष्ट थंडाव्याची. साखर गरम पाण्यात पटकन विरघळते, तेव्हा वायूही तसाच विरघळत असेल असं वाटतं. असतं नेमकं उलटं. हवेच्या साध्या दाबाखाली ० अंशाला एक लिटर पाण्यात साधारण १.७ लिटर वायू मावतो. २० अंशाला जेमतेम ०.९ लिटर. म्हणून पुढे मी पुन्हा पुन्हा ‘थंड करा’ म्हणेन, तेव्हा ते पिणाऱ्याच्या सुखासाठी नसेल.

या कामातले लोक वायू ‘व्हॉल्यूम’मध्ये मोजतात. एक लिटर पेयात एक लिटर वायू विरघळलेला असला की तो एक व्हॉल्यूम, वजनात जवळपास दोन ग्रॅम. बिअरमध्ये अडीचच्या आसपास व्हॉल्यूम असतात, गोड शीतपेयांत साडेतीन ते चार, शॅम्पेनमध्ये पाच-सहा. चार व्हॉल्यूमची बाटली फ्रिजमध्ये असताना आतला दाब बाहेरच्या हवेच्या पावणेतीन पट असतो. तीच बाटली २५ अंशाच्या खोलीत ठेवली की दाब पाचपटीवर जातो. मोटारीच्या टायरमध्ये आपण जेवढी हवा भरतो त्याच्या जवळजवळ दुप्पट ताण त्या झाकणावर असतो. हा आकडा लक्षात राहू द्या, पुढे लागणार आहे.

हा वायू पेयात आणायचे घरगुती मार्ग तीन: तयार सोडा मिसळायचा, यंत्राने वायू भरायचा, किंवा यीस्ट या साखर आंबवणाऱ्या सूक्ष्म जिवाकडून तो करवून घ्यायचा. चौथा मार्गही लोक सुचवतात, खायचा सोडा आणि लिंबूसत्त्व. चिमूटभर घातलं तर गंमत म्हणून ठीक आहे. पण शीतपेयासारखे तीन व्हॉल्यूम हवे असतील तर लिटरमागे सहा ग्रॅम वायू लागतो आणि त्यासाठी साडेअकरा ग्रॅम खायचा सोडा घालावा लागतो. त्यातून तीन ग्रॅमच्या वर सोडियम पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली दिवसाची मर्यादा दोन ग्रॅमची आहे. शिवाय चव अशी येते की दुसरा घोट कुणी घेत नाही. हा मार्ग इथेच सोडू.

सोडा मिसळण्यात काय ते शिकण्यासारखं, असं वाटू शकेल. मलाही वाटायचं. ग्लासात अर्धा रस, अर्धा सोडा ओतायचा आणि ‘फुळकट लागतंय’ म्हणत सोड्याला बोल लावायचा. सोड्याचा काही दोष नव्हता. चार व्हॉल्यूमच्या सोड्यात तेवढाच रस ओतला की राहतात दोन व्हॉल्यूम, आणि ओतताना उडून जातो तो वायू वेगळाच. यावर उपाय एकच, फळ आटोपशीर करायचं. रस न ओतता दाट सरबती अर्क करायचा आणि एक भाग अर्काला चार भाग सोडा घ्यायचा. मग वायू तीन व्हॉल्यूमच्या वर टिकतो.

अर्क आटवून करायची गरज नाही. उलट उकळल्याने ताज्या फळाचा वास जातो आणि मुरंब्याचा वास येतो. अर्धा किलो चिरलेल्या फळाला पाव किलोपेक्षा थोडी जास्त साखर चोळायची, झाकण ठेवायचं आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचं. साखर फळातलं पाणी बाहेर ओढते. सकाळी भांड्यात तळाशी गडद, सुगंधी पाक साठलेला असतो. स्ट्रॉबेरी, अननस, पीच, चेरी अशा रसाळ फळांना हे छान जमतं. संत्र्या-लिंबाचा खरा सुगंध रसात नसतो, सालीतल्या तेलात असतो. त्यामुळे सालीचा फक्त रंगीत थर पातळ सोलून साखरेत चुरडून ठेवावा. पांढरा भाग कडू, तो घेऊ नये. मग तीच साखर रसात विरघळवावी.

अर्क नुसता चाखला तर डोकं धरावं इतका गोड लागतो. घाबरू नये. एक तर तो पाचपट पातळ होणार आहे, आणि दुसरं म्हणजे थंड जिभेला गोडी कमी कळते. आंबटपणाचा अंदाज मात्र सोडा मिसळूनच घ्यावा, कारण विरघळलेला कार्बन डायऑक्साइड स्वतःच थोडा आंबट असतो. पाण्याशी मिळून त्याचं कार्बॉनिक आम्ल होतं. आपल्याला वाटतं की बुडबुडे फुटल्यामुळे जीभ चुरचुरते. पण ती चव मुख्यतः या आम्लाची आहे. आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर एक एन्झाइम असतं, ते वायूचं आम्ल करतं आणि जिभेला वर्दी देतं. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून काही गिर्यारोहक जे औषध घेतात ते नेमकं हेच एन्झाइम दाबतं; त्यामुळे शिखर सर करून आल्यावर उघडलेली बिअर त्यांना मिळमिळीत लागते.

आता गाळण्याबद्दल. फळाचा गर पेयात राहू द्यावा असं मनापासून वाटतं, रंग सुंदर दिसतो. पण गराचा प्रत्येक तंतू म्हणजे बुडबुड्यांचं जन्मस्थान. वायूला स्वच्छ पाण्यातून सुटणं अवघड जातं. त्याला आधीच अडकलेला हवेचा सूक्ष्म कण लागतो, त्यात शिरून तो मोठा होतो. फ्रान्समधल्या ऱ्हांस इथले भौतिकशास्त्रज्ञ जेरार लिजे-बेलेर यांनी शॅम्पेनच्या ग्लासात नेमकं हे पाहिलं: बुडबुड्यांच्या माळा बहुतेक वेळा काचेला चिकटलेल्या कापसाच्या किंवा कागदाच्या बारीक तंतूंपासून सुरू होतात. एका तंतूची ही करामत असेल तर चमचाभर गर काय करेल! सोड्याची बाटली उघडून तिच्यात गरासकट अर्क ओतणारा माणूस पुढची दहा मिनिटं ओटा पुसत असतो. म्हणून आधी चाळणीने, मग पातळ फडक्यातून गाळावं. ग्लासात अर्क आधी, सोडा नंतर, ग्लास तिरका धरून कडेने. चमचा तळातून एकदाच वर आणायचा. यात मद्य हवं असेल तर ते अर्काबरोबर तळाशी जातं, तेही थंडगार. सोडा नेहमी शेवटी.

यंत्राचा मार्ग सरळ आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली इंग्लंडमधल्या लीड्समध्ये एका बिअरच्या भट्टीशेजारी राहत असताना, १७६७ साली, त्याने आंबणाऱ्या पिंपावर पाण्याचं भांडं धरून पाण्यात वायू उतरवला; पुढे १७७२ मध्ये ते कसं करायचं याची पुस्तिकाच छापली. आजच्या घरगुती यंत्रात भट्टीऐवजी सिलिंडर आहे, एवढाच फरक. नियम दोनच. बहुतेक यंत्रांत फक्त पाणीच भरायचं असतं, रस नाही. साखर आणि गर असला की फेस नळीत चढतो. आणि पाणी बर्फाइतकं थंड हवं. वायूच्या छोट्या काडतुसावर चालणारा सायफन, म्हणजे सोडा करायची दाबाची बाटली, असेल तर काडतुसावरचं नाव वाचावं: क्रीम फेटायच्या नायट्रस ऑक्साइडची काडतुसं दिसायला अगदी तशीच असतात. कोरडा बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) बंद बाटलीत घालून सोडा करायचा ‘शॉर्टकट’ कुणी सुचवला तर ऐकू नका. त्या बाटलीचा बॉम्ब होतो, आणि हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही.

खरी मजा यीस्टच्या मार्गात आहे, आणि खरी जोखीमही. यीस्ट साखर खातं आणि दोन गोष्टी सोडतं, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड, वजनाने जवळपास निम्मं निम्मं. त्याला यातली एकच गोष्ट कर असं सांगता येत नाही. हिशेब मात्र तोंडपाठ करण्याइतका सोपा आहे. लिटरमागे चार ग्रॅम साखर खाल्ली गेली की दोन ग्रॅम वायू होतो, म्हणजे एक व्हॉल्यूम. सोबत पाव टक्का अल्कोहोल.

या एका ओळीतून बरंच काही कळतं. ‘नैसर्गिकरीत्या आंबवलेलं, बिनअल्कोहोलचं’ म्हणून घरी केलेल्या आल्याच्या पेयात तीन व्हॉल्यूम वायू असेल तर त्यात पाऊण टक्क्याच्या आसपास अल्कोहोल असणारच. अनेक देशांत बिनअल्कोहोल म्हणवून घ्यायची मर्यादा अर्धा टक्का आहे. मोठ्यांना त्याने काही होत नाही. पण लहान मुलांसाठी, गरोदर बाईसाठी, किंवा ज्याने दारू सोडली आहे त्याच्यासाठी करत असाल तर यीस्टच्या वाटेला जाऊ नये. अर्क आणि सोडा, बस्स.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. सफरचंदाच्या रसात लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास साखर असते. तो बाटलीत भरून, यीस्ट घालून, झाकण घट्ट लावून विसरलात तर? शंभर भागिले चार, पंचवीस व्हॉल्यूम. खोलीच्या तापमानाला हवेच्या तीसपट दाब. तिथवर जायच्या कितीतरी आधी काच फुटते, आणि ती तडकून गप्प बसत नाही, तुकडे भिंतीत रुततात. यीस्टला ‘पुरे’ हा शब्द ठाऊक नाही. साखर संपेपर्यंत ते खात राहतं. त्याला थांबवायचं साधन आपल्या हातात एकच आहे, फ्रिज. तोही यीस्टला मारत नाही, झोपवतो.

म्हणून गोड, थोडं आंबवलेलं पेय करायचं तर प्लास्टिकच्या सोड्याच्या बाटलीत. ती दाब सोसायलाच बनवलेली असते आणि आत काय चाललंय ते अंगठ्याला सांगते. सकाळ-संध्याकाळ दाबून पाहायचं. अंगठा आत जातोय तोवर थांबायचं. नवीन सोड्याच्या बाटलीसारखी टणक झाली की फ्रिजमध्ये. उन्हाळ्यात हे एका दिवसातही होतं, थंडीत तीन-चार दिवस लागतात. काचेच्या बाटल्याच भरायच्या असतील तर त्या जाड, दाबाच्या पेयासाठी केलेल्या हव्यात. त्यांच्यासोबत एक प्लास्टिकची बाटली भरून ठेवावी, ती टणक झाली की सगळ्यांचीच वेळ झाली. आणि फ्रिजमधलं पेय आठवडा-दोन आठवड्यांत संपवावं. मी एकदा स्ट्रॉबेरीच्या दोन बाटल्या ओट्यावर ठेवून चार दिवस बाहेर गेलो. परत आल्यावर थंड न करताच एक उघडली. छतावरचा गुलाबी डाग रंग काढेपर्यंत तसाच होता.

यीस्ट आणायचं कुठून? पाकिटातलं वाइनचं यीस्ट सगळ्यात भरवशाचं, चवीला स्वच्छ. पावाचं यीस्टही काम करतं, पण पेयाला पावाचा वास येतो आणि गाळ नीट बसत नाही. तिसरा पर्याय म्हणजे आल्याचं विरजण, माझं आवडतं. सालीसकट किसलेलं आलं दोन चमचे, साखर दोन चमचे, दोन कप पाणी. बरणीवर फडकं बांधायचं आणि रोज एक-एक चमचा आलं-साखर घालून ढवळायचं. आल्याच्या सालीवर रानटी यीस्ट आणि लॅक्टिक आम्ल करणारे जीवाणू आधीच असतात. चार ते सात दिवसांत बरणीत फेस येतो, कान लावला तर बारीक चुरचुर ऐकू येते. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर पाणी उकळून गार करून घ्यावं, नाहीतर विरजण नीट धरत नाही. फेस आला की पाव कप गाळलेलं विरजण लिटरभर गोड रसात मिसळून बाटलीत भरायचं, वर तीन-चार बोटं जागा ठेवून.

रस पाकिटातला असेल तर घटकांची यादी वाचा. पोटॅशियम सॉर्बेट किंवा सोडियम बेंझोएट दिसलं, म्हणजे ई-२०२ किंवा ई-२११, तर त्यात यीस्ट वाढणार नाही. ते घातलंय त्यासाठीच. कलिंगड, खरबूज, पिकलेली पपई यांत आम्ल फार कमी असतं, त्यात नको ते जीव वाढू शकतात. लिंबू भरपूर पिळा, किंवा ही फळं सोड्याबरोबर ताजीच प्या. बरणीवर लव दिसली, निळी, काळी, हिरवी कशीही, तर वरून काढून टाकून चालत नाही, सगळं फेकायचं.

आता मद्य म्हणून करायचं झालं तर क्रम बदलतो. आधी बुडबुड्यांचा विचारच करायचा नाही. गाळलेला रस मोठ्या भांड्यात यीस्ट घालून ठेवायचा, झाकणाला वायू बाहेर सोडणारी पाण्याची झडप लावायची आणि यीस्टला सगळी साखर खाऊ द्यायची. दोन-तीन आठवडे तरी लागतात. संपलं की नाही हे झडपेतल्या बुडबुड्यांवरून ठरवू नये, ती फसवते. हायड्रोमीटर वापरावा: हे द्रवात तरंगणारं काचेचं नळकांडं त्याची घनता दाखवतं, आणि साखर संपत जाते तशी ती उतरते. सुरुवातीला १.०५० दाखवत होतं आणि शेवटी १.००० वर येऊन दोन-तीन दिवस हललं नाही, तर आंबणं पूर्ण झालं. दोन आकड्यांतल्या फरकाला १३१ ने गुणलं की अल्कोहोलचे टक्के मिळतात, इथे साडेसहा.

हे पेय आता कोरडं, म्हणजे गोडी न उरलेलं, आणि निपचित असतं. बुडबुड्यांसाठी पुन्हा साखर घालायची, या वेळी मोजून. खोलीच्या तापमानाला आंबलेल्या पेयात आधीच पाऊण-एक व्हॉल्यूम वायू राहिलेला असतो. अडीच व्हॉल्यूम हवे असतील तर वरच्या दीड-पावणेदोन व्हॉल्यूमसाठी लिटरमागे सहा-सात ग्रॅम साखर पुरते. ती चमच्याच्या अंदाजाने घालू नये, काट्यावर तोलावी. बाटलीबंद करून दोन आठवडे खोलीत ठेवलं की उरलेलं यीस्ट तेवढीच साखर खातं आणि मग खायला काही नसल्याने स्वस्थ बसतं. हा सगळा डाव मर्यादित साखरेचा आहे. वाइनमध्ये साखर घालून तिला फसफसवायची रीत क्रिस्टोफर मेरेट या इंग्रज वैद्याने १६६२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचलेल्या निबंधात नोंदली होती. शॅम्पेन करणारे लिटरमागे २४ ग्रॅमपर्यंत जातात, पण त्यांच्या बाटल्या त्या दाबासाठी ओतलेल्या असतात. तुमच्या-आमच्या नसतात.

मग गोड आणि फसफसतं आणि मद्य, तिन्ही एकत्र कसं मिळवायचं? इथे नवशिक्यांची गाडी अडते. गोडीसाठी जास्त साखर घातली की यीस्ट तीही खातं आणि आपण पुन्हा त्या तीसपटीच्या दिशेने निघतो. यीस्टला न पचणारी गोडी वापरावी: एरिथ्रिटॉल, स्टीव्हिया, किंवा दुधातली साखर लॅक्टोज. नाशपातीत ही सोय निसर्गानेच केली आहे. तिच्यात सॉर्बिटॉल नावाचं गोड द्रव्य असतं, ते यीस्ट खात नाही, म्हणून नाशपातीचं मद्य पूर्ण आंबूनही किंचित गोड राहतं. सगळ्यात सोपं म्हणजे कोरडं ठेवावं आणि प्यायच्या वेळी ग्लासात चमचाभर फळांचा अर्क घालावा. मी तेच करतो.

फळं आंबवताना विषारी मिथेनॉल होतं का, हे हमखास विचारलं जातं. फळाच्या गरातल्या पेक्टिन या चिकट द्रव्यामुळे थोडंसं होतं, पण नुसत्या आंबवलेल्या पेयात ते धोक्याच्या खूप खाली राहतं. अनर्थ होतात ते भेसळीच्या दारूने आणि गाळलेल्या दारूने. म्हणून घरी ऊर्ध्वपातन, म्हणजे पेय उकळून वाफेतून दारू काढणं, करू नये. बहुतेक देशांत तो गुन्हाही आहे. आंबवण्याबद्दलचे कायदे देशागणिक वेगळे आहेत, कुठे मुभा, कुठे परवाना, कुठे पूर्ण बंदी. यीस्टचं पाकीट फोडण्याआधी आपल्याकडचा कायदा पाहून घ्यावा.

बाटली उघडायच्या आधी पूर्ण एक दिवस फ्रिजमध्ये उभी राहू द्या. नुसती गार होऊन भागत नाही, वरच्या मोकळ्या जागेतला वायू पेयात उतरायला वेळ लागतो. तेवढ्यात गाळही तळाशी बसतो. ओतताना हात मध्येच थांबवू नये. बाटली सरळ केली की गाळ उसळतो. सगळे ग्लास शेजारी शेजारी लावून एका दमात ओतावं आणि तळाचं बोटभर सोडून द्यावं. तो गाळ फेकायची मात्र घाई नको. तुम्ही गोडीसाठी वेगळं काही घातलेलं नसेल आणि पेयाला वास चांगला असेल, तर त्यातलं यीस्ट जिवंत आहे आणि पुन्हा भुकेलंही आहे. पुढच्या रसाच्या बरणीत तेच घालायचं.